स्पोक बारीक, निपल पितळी

रात्री साडेअकराला पडवीतून ‘टक्’ असा आवाज आला. मांजर असेल म्हणून मी कूस बदलली. सकाळी सायकल बाहेर काढली तर मागचं चाक एका अंगाला लचकत होतं, एक स्पोक ढिला लोंबत होता आणि चाक फिरवलं की रिममध्ये काहीतरी खुळखुळत होतं. टायर उतरवून टेप काढली तेव्हा मसुराच्या दाण्याएवढा लाल तुकडा हातात आला. निपलचं, म्हणजे स्पोकला रिमशी धरून ठेवणाऱ्या छोट्या नटाचं, डोकं. रात्रभर सायकल भिंतीला टेकून उभी होती, तिच्यावर कुणी बसलेलंही नव्हतं, आणि तरी निपलने मान टाकली होती. पुढच्या तीन आठवड्यांत आणखी दोघांनी टाकली.

ती लाल ॲल्युमिनियमची निपलं मीच हौसेने बसवली होती. चाकाच्या मधला हब लाल, मग निपलंही लाल. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साताऱ्यात चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलं. चाक बांधत होते तेव्हा त्यांनी एक निपल चिमटीत धरलं, तोललं आणि “हलकंय” एवढंच म्हणाले. ते कौतुक नव्हतं हे कळायला मला दोन पावसाळे लागले.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. रविवारी यवतेश्वरच्या अंगाला जांभ्या दगडातल्या पायवाटांवर माउंटन बाइक चालवते. गेल्या काही वर्षांत स्वतःची आणि सोबतच्या मंडळींची मिळून वीसेक चाकं बांधली. चाक बांधायचं ठरवलं की लोक हब आणि रिमवर महिनाभर चर्चा करतात आणि स्पोक-निपल दुकानदार देईल ते घेतात. माझा अनुभव उलटा आहे. रिम दगडावर आपटून चेपली तर तो नशिबाचा भाग. पण स्पोक एकामागून एक तुटत असतील तर ते निवडीत किंवा बांधणीत चुकलेलं असतं.

निपलापासूनच सुरू करते, कारण तिथे विचार कमी करावा लागतो. पितळी घ्या, निकलचा मुलामा असलेली. १२ मिलिमीटरचं पितळी निपल साधारण एक ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियमचं त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. दोन चाकांची मिळून ६४ निपलं, म्हणजे वाचतात चाळीसेक ग्रॅम. यवतेश्वरचा घाट चढताना बाटलीतला एक मोठा घोट आधीच पिऊन टाकला की तेवढं वजन कमी होतं.

त्या चाळीस ग्रॅमची किंमत मात्र मोठी. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना चिकटून बसलेले, त्यात पावसाचं पाणी किंवा मीठ मिसळलं की झिजतं ते ॲल्युमिनियमच. कोकणात समुद्राकाठी सायकल चालवणाऱ्यांना हे लवकर दिसतं, आम्हाला घाटमाथ्यावर थोडं उशिरा. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चर बुजवायला घालतात त्या काही सीलंटमध्ये अमोनिया असतो. टेपच्या कडेने ते झिरपलं की निपलाच्या डोक्यापाशी साचून राहतं. शिवाय गाडी धुण्याचे तीव्र क्षारयुक्त फेस ॲल्युमिनियमला मुळीच मानवत नाहीत. कार्बनची रिम असेल तर गंजण्याचा हा खेळ आणखी वेगाने चालतो, तिथे तर पितळेशिवाय दुसरा विचारही नको.

पण माझी निपलं तुटली त्यात नुसता गंजाचा दोष नव्हता. माझे स्पोक दोन मिलिमीटर आखूड होते. निपल रिममध्ये बसतं ते डोक्याच्या आणि दांड्याच्या सांध्यावर. स्पोकचे आटे त्या सांध्याच्या पार वर, डोक्यातल्या स्क्रूड्रायव्हरच्या खाचेच्या तळापर्यंत पोचले असतील तर त्या नाजूक मानेत आतून पोलादाचा खांब उभा असतो. आटे मानेच्या खालीच संपले तर सगळा भार निपलाच्या पातळ भिंतीवर येतो. पितळ हे बराच काळ सोसतं. ॲल्युमिनियम नाही सोसत.

इथे एक गैरसमज मी स्वतः बाळगून होते: स्पोक आखूड पडला तर १२ ऐवजी १४ किंवा १६ मिलिमीटरचं निपल घ्यावं. लांब निपलात जास्तीची लांबी खालच्या, निपल फिरवायची चावी बसते त्या दांड्यात असते. आटे वर, डोक्याकडेच असतात. त्यामुळे आखूड स्पोक आखूडच राहतो. लांब निपल घ्यायचं ते रिम खोल असेल आणि चावी पोचत नसेल तर.

चावीवरून आठवलं. अण्णांच्या दुकानात एकच गोल चावी होती, कडेने सहा-सात खाचा असलेली. जी बसेल ती खाच. चांगल्या युरोपीय निपलांचे सपाट पैलू ३.२३ मिलिमीटरचे असतात, आशियाई बनावटीच्या बऱ्याच निपलांचे ३.४५. ३.२३ च्या निपलावर ३.४५ ची खाच घातली तर सुरुवातीला छान फिरते, ताण वाढला की कोपरे खाते. कॅलिपर लावून मोजा आणि त्याच मापाची चावी घ्या. अण्णांना ही चैन वाटली होती. हल्ली त्यांच्या खिशात माझी काळी चावी सापडते.

आता स्पोक. अण्णा स्पोकला तार म्हणतात, आणि त्यांच्या मते तार जाड हवी. त्यांची बाजू समजून घ्यायला हवी. त्यांच्या दुकानात यायच्या त्या दूधवाल्यांच्या सायकली, मागे दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेल्या. जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकात ३२ तारा, मागच्या चाकात ४०. जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जाडीच्या. तुटली की दुसरी घालायची आणि आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायचा. माझ्या सायकलीसाठी मधे बारीक असलेले स्पोक आले तेव्हा त्यांनी एक उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, “अगं, ही तार ओढून पातळ झालीय, कुणी गंडवलं का तुला?”

गंडवलं नव्हतं. हे बटेड स्पोक. दोन्ही टोकांना २ मिलिमीटर, मधे १.८. डीटी स्विस कंपनीचा कॉम्पिटिशन आणि सापिम कंपनीचा रेस हे या मापाचे, आणि माउंटन बाइकसाठी मी डोळे मिटून हेच घेते. मधे बारीक असलेला स्पोक जास्त कसा टिकतो, यावर आमचा वाद दोन रविवार चालला. शेवटी मी फळ्यावर सांगते तसं सांगितलं.

सायकलवर बसलं की चाकाच्या तळाशी येणाऱ्या स्पोकांचा ताण कमी होतो. ते वर गेले की पुन्हा वाढतो. २९ इंची चाक, २.३ इंची टायर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४३० फेरे. वर्षाला दोन हजार किलोमीटर धरले तर प्रत्येक स्पोक साडेआठ लाखांहून जास्त वेळा सैल-घट्ट होतो. एकदाच जोर लावून स्पोक तुटणं दुर्मीळ. तो तुटतो या येरझारांनी थकून. आणि तुटतो कुठे? हबपाशी जिथे वाकलेला असतो तिथे, नाहीतर निपलापाशी पहिल्या आट्यावर. मधोमध तुटलेला स्पोक मी दगडाचा किंवा चेनचा मार बसलेला सोडून पाहिलेला नाही. अण्णांनीही थोडा विचार करून हे कबूल केलं. मग धातू टोकांना जास्त हवा, मधे नाही.

दुसरी गोष्ट ताणाची. २९० मिलिमीटर लांबीच्या स्पोकला १०० किलोचा ताण दिला तर सरसकट २ मिलिमीटर जाडीचा स्पोक सुमारे ०.४५ मिलिमीटर लांबतो. १.८ जाडीचा ०.५६. १.५ जाडीचा ०.८०. आता समजा दगडावर उतरताना रिम तळाशी अर्धा मिलिमीटर आत दबली. जाड स्पोक पूर्ण मोकळा पडला, कारण त्याच्याकडे द्यायला ०.४५ च होते. १.८ चा अजून किंचित ताणलेला आहे. मोकळा पडलेला स्पोक दोन उद्योग करतो: हबच्या भोकात हिसके खातो आणि निपलाला उलटं फिरायला वाव देतो. बारीक स्पोक जास्त ताणला जातो म्हणून कमी मोकळा पडतो आणि धक्का शेजारच्यांनाही वाटून देतो. पायजम्याची नाडी आणि इलॅस्टिक यांत जो फरक, तोच. नाडी जरा सरकली की पायजमा घसरला, इलॅस्टिक धरून ठेवतं.

“म्हणजे तुझी तार इलॅस्टिकची,” अण्णा म्हणाले. तेवढ्यावर वाद मिटला.

मग १.५ चा सगळ्यात चांगला का नाही? गणिताने आहे, हाताने नाही. निपल फिरवताना इतका बारीक स्पोक स्वतःच पिळला जातो. आऊट निघाला असं वाटतं, आणि पहिल्या उतारावर पीळ सुटतो, टणटण आवाज येतात आणि चाक पुन्हा वाकडं. शिवाय चाक आडव्या जोराला थोडं मऊ वाटतं. ज्याचा हात बसलाय त्याने पुढच्या चाकाला वापरावेत. मागच्या चाकाला डावीकडे जरा बारीक, १.६५ चे, आणि उजवीकडे १.८ चे असा मेळही छान जमतो, कारण डावीकडचा ताण मुळातच कमी असतो. मी तसं एकदाच केलं. दोन जातींचे, दोन लांब्यांचे सुटे स्पोक सांभाळायचा मला कंटाळा आला.

वजन नव्वदच्या पुढे असेल, सामान लादून फिरत असाल, किंवा ई-बाइकचं चाक असेल तर हबकडच्या टोकाला जाड असलेले स्पोक मिळतात: डीटी स्विसचा अल्पाइन थ्री २.३४ मिलिमीटरचा, सापिमचा फोर्स २.१८ चा. दोन्ही मधे १.८. घेण्याआधी हबच्या भोकाचं माप बघा. भोक अडीच मिलिमीटरहून लहान असेल तर जाड टोक नीट बसणार नाही. चपट्या पात्यासारख्या स्पोकांबद्दल विचारलं जातं. वारा कापण्याचा फायदा डोंगरात कुणाला दिसणार? पीळ डोळ्यांनी दिसतो हा गुण खरा, पण त्यासाठी एवढे पैसे नकोत.

हबच बदलणार असाल तर वाकड्या टोकाच्या स्पोकांचाच घ्या. सरळ टोकाच्या स्पोकांचे हब दिसायला देखणे, पण ते स्पोक निपलाबरोबर गरागरा फिरतात, पक्कडीने धरून ठेवावे लागतात, आणि तालुक्याच्या गावी त्या लांबीचा एक स्पोक मिळवायला आठवडा जातो. भोकं ३२ घ्या. २८ वर माझ्यासारख्या ६५ किलोच्या बाईचं भागतं, पण ३२ मध्ये एक तुटला तरी घरी येता येतं.

खरेदी करताना कॅलिपर जवळ ठेवा. ‘डबल बटेड’ असा कागद लावलेले स्पोक मधे मोजले तर सरसकट २ चे निघालेले मी पाहिलेत. स्टेनलेस आहे का हे चुंबकाने तपासू नका. चांगलं १८/८ स्टेनलेससुद्धा थंड अवस्थेत ओढून तार केली की थोडं चुंबकाला ओढलं जातं. आणि हबच्या कडेच्या भोकात स्पोक घालून बघा: वाकलेला भाग कडेला चिकटून बसायला हवा. मधे फट राहत असेल तर डोक्याखाली पितळेचा छोटा वॉशर घाला. ही फट स्पोक तुटण्याचं फार मोठं कारण आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

आता लांबी, म्हणजे माझी चूक झाली ती जागा. स्पोकची लांबी वाकणाच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजतात. ती काढायला रिमचा ईआरडी लागतो: समोरासमोरच्या दोन निपलांत स्पोकची टोकं जिथे संपायला हवीत, त्या दोन बिंदूंमधलं अंतर. मी तो रिमच्या खोक्यावर छापलेला आकडा धरून घेतला होता. तसं करू नका. दोन जुने स्पोक बरोबर २०० मिलिमीटरवर कापा, टोक खाचेच्या तळाला येईल अशी निपलं फिरवून चिकटवून टाका, मग ते पहिल्या आणि सतराव्या भोकात घालून ओढून धरा. दोघांमधलं अंतर मोजा, ४०० मिळवा. आणखी तीन जागी मोजून सरासरी घ्या. चारही आकडे एक मिलिमीटरच्या आत यायला हवेत, नाहीतर रिमच गोल नाही.

पुढे कोसाइनचा नियम, बारावीला शिकवतो तोच. माझं मागचं चाक घ्या. ईआरडी ६०२, म्हणजे त्रिज्या ३०१. हबच्या कडेवर भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या २९. ती कडा हबच्या मध्यापासून डावीकडे ३५, उजवीकडे २२ मिलिमीटर. ३२ स्पोक, म्हणजे एका कडेला १६, दोन भोकांत साडेबावीस अंश. प्रत्येक स्पोक तिघांना ओलांडतो म्हणून कोन ६७.५ अंश. ३०१, २९ आणि त्या बाजूचं ३५ किंवा २२, या तिन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज करा, त्यातून दोन गुणिले ३०१ गुणिले २९ गुणिले कोनाचं कोसाइन वजा करा, वर्गमूळ काढा, आणि हबच्या भोकाची निम्मी रुंदी, १.३ मिलिमीटर, वजा करा. डावीकडे २९१.९ येतं, उजवीकडे २९०.७. मी २९२ आणि २९१ घेतले. मधला आकडा आला तर एका मिलिमीटरच्या आत जवळचा घ्या, दोन मिलिमीटर आखूड मात्र कधीच नको. मोबाइलवर हिशोब करून देणारी साधनं आहेत, पण त्यांनाही ईआरडी तुम्हीच देणार. तो चुकला की सगळं चुकलं.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. रिम मध्यावर राहायची तर डावीकडचा ताण उजवीकडच्याच्या २२ भागिले ३५, म्हणजे सुमारे ६३ टक्के. उजवीकडे ११० किलो दिला तर डावीकडे ७० च्या आसपास. डावी बाजू सैल वाटते म्हणून घट्ट करत सुटू नका. डिस्क ब्रेकच्या पुढच्या चाकात हे उलटं: तिथे डिस्कची, डावी बाजू जास्त ताणलेली. उजवीकडे किती ताण द्यायचा याची कमाल मर्यादा रिमसोबत दिलेली असते. बऱ्याच रिमना ती १२० किलोच्या आसपास असते.

बांधणीचं सगळं इथे सांगत नाही, फक्त टिकण्यापुरतं. आटे कोरडे ठेवू नका. मी जवसाचं तेल लावते, क्रिकेटच्या बॅटला लावतात तेच. बांधताना ते वंगण होतं आणि नंतर हळूहळू चिकट होऊन सुकतं, निपल आपोआप सैल होत नाही. आई म्हणते जवसाची चटणी खा, चाकाला कसला लावतेस. तेलाने भिजलेली चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

निपल पाव फेरा फिरवायचं असेल तर थोडं पुढे नेऊन मागे आणा, म्हणजे पीळ सुटतो. ताण चढत आला की समांतर जाणारे दोन-दोन स्पोक हातमोजे घालून मुठीत करकचून दाबा. वाकणं हबला बसतात, आधीच साठलेला ताण निघून जातो. मग पुन्हा आऊट काढा, पुन्हा दाबा. दाबल्यावर चाक हलायचं थांबलं की झालं. ताण मोजायचं यंत्र मी वापरते. अण्णा नखाने तार छेडतात आणि एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर एक आहे का ते ऐकतात. मी सोळा आकडे वहीत लिहून होईपर्यंत त्यांनी “ही आणि ही” म्हणून दोन दाखवलेल्या असतात, आणि वहीतही त्याच दोन निघतात. सोळातल्या एकाचा ताण बाकीच्यांहून पाचव्या हिश्शाने वेगळा असेल तर रिम सरळ दिसली तरी चाक टिकत नाही.

नवं चाक पन्नासेक किलोमीटर झाल्यावर एकदा तपासा. त्यानंतर मी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बघते. चेन कधी कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या, मागे पडून उजवीकडच्या स्पोकांत अडकली असेल तर वाकणाजवळ ओरखडे शोधा. नख अडकेल असा ओरखडा असलेला स्पोक आजच बदला. तो तुटणारच, आणि उजवीकडचा बदलायला कॅसेट काढावी लागते, जी पायवाटेवर निघत नाही. एकाच बाजूचे तीन स्पोक वाकणापाशी तुटले असतील तर चौथ्याची वाट न बघता ती सगळी बाजू नवी घाला. जुना हब नव्या स्पोकांनी बांधताना कडेवर आधीच्या स्पोकांचे वण दिसतात, त्याच दिशेने बांधा.

सुटे स्पोक दोन्ही लांब्यांचे दोन-दोन, निपलांसकट, मी सीटच्या दांड्यात कापडात गुंडाळून ठेवते. वाटेत उजवीकडचा एक तुटलाच तर तुटका तुकडा शेजारच्या स्पोकला वेटाळा, म्हणजे चेनमध्ये जाणार नाही. त्याच्या दोन्ही अंगांचे डाव्या बाजूचे स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करा, चाक फ्रेमला घासायचं थांबतं. उतारावर वजन पुढे ठेवा आणि सावकाश घरी या.